जपानचे कर्ज, जपानची मसलत : कृष्णाकाठावरून एक आढावा

परराष्ट्राकडून येणाऱ्या मदतीचा विचार राजधानीतील अर्थपंडितांनी आणि परराष्ट्रखात्याच्या अधिकाऱ्यांनी करावा, मुफसलातील माणसाने त्यात पडू नये, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस रूढ आहे. परंतु सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांना तो विचार करण्याचा अधिकार इतिहासानेच दिलेला आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख लावून दिला, तेव्हा ती फौज मदत म्हणूनच आली होती. पुढे १८१९ च्या तहनाम्याने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य मिळाले तेही कंपनी सरकारच्या औदार्याचे फळ म्हणूनच मिळाले. मात्र रेसिडेंटाच्या संमतीवाचून परदरबारांशी पत्रव्यवहार करावयाचा नाही, हे कलम त्याच तहनाम्यात होते, आणि ते मोडल्याचा ठपका ठेवून १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करण्यात आले. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागत राहिले आणि इकडे १८४८ मध्ये राज्यच खालसा झाले. मदतीत काय मिळाले यापेक्षा ती कोणत्या कलमांनिशी मिळाली हे आधी वाचावे, हा धडा ज्या भूमीने इतक्या महाग किमतीला घेतला, तिने आज भारताच्या सर्वांत मोठ्या द्विपक्षीय धनकोची, म्हणजे जपानची, कर्जखते आणि त्यामागील मसलत समजून घेणे हे अगदी उचित होय.

जपानच्या बाबतीत मदत आणि महत्त्वाकांक्षा यांचा संबंध दुसऱ्या महायुद्धाच्या पुष्कळ आधीपासूनचा आहे. १९१७-१८ मध्ये पंतप्रधान तेराउची यांच्या सरकारने पेकिंगमधील त्वान छी-रुई या सेनानीच्या राजवटीला निशिहारा नावाच्या मध्यस्थामार्फत सुमारे १४.५ कोटी येनची कर्जे दिली. तारखत्यांपासून रेल्वेपर्यंत निरनिराळी प्रयोजने कागदावर दाखविली होती. प्रत्यक्षात उत्तर चीनमध्ये जपानचे वजन वाढावे आणि त्या राजवटीचे हात बळकट व्हावेत, हा हेतू होता. यांतील बहुतेक रक्कम कधी परत आली नाही, आणि चिनी जनतेच्या मनात मात्र जपानविषयी कायमचा संशय उत्पन्न झाला. पुढे मांचुरियातील रेल्वे व खाणी आणि त्यानंतर १९४० मध्ये उद्घोषित झालेले ‘बृहत् पूर्व आशियाई सहसमृद्धी क्षेत्र’ या सर्वांत विकासाची भाषा आणि लष्कराची पावले एकमेकांना सोडून कधी चालली नाहीत. अंदमानाने १९४२ ते १९४५ या काळात जपानी अमलाखाली त्या सहसमृद्धीचा अनुभव घेतला. आपल्या मुलखातील घराघरांतून मराठा पलटणीत भरती झालेल्या शिपायांनी तो ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर घेतला. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपानी फौजेसमोर उभी राहिली, आणि त्या काही दिवसांच्या भयंकर झुंजीमुळे इंफाळ व कोहिमा यांच्या बचावाला अवसर मिळाला. त्याच वेळी इकडे कुंडल आणि वाळव्याच्या पट्ट्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजी अंमल उखडून टाकीत होते. एकाच जिल्ह्याची मुले एका साम्राज्याविरुद्ध घरी आणि दुसऱ्या साम्राज्याविरुद्ध परमुलखात झगडत होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे ‘आशियाची मुक्ती’ या जपानी घोषणेकडे आपण भाबडेपणाने पाहू शकत नाही.

पराभवानंतर जपानने शस्त्र खाली ठेवले. १९४७ च्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा अधिकारच सोडून दिला. अशा राष्ट्राने जगात पुन्हा स्थान मिळवावे कसे? त्याचे उत्तर नुकसानभरपाईच्या करारांतून निघाले. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहाने जपानी जनतेची सेवा व उत्पादने यांच्या रूपाने भरपाई देण्याची वाट मोकळी केली आणि त्याच धर्तीवर ब्रह्मदेश, फिलिपाईन्स, इंडोनेशिया आणि दक्षिण व्हिएतनाम यांच्याशी एकामागून एक करार झाले. एकट्या फिलिपाईन्सला द्यावयाची रक्कम ५५ कोटी डॉलर ठरली. परंतु ही भरपाई रोकड नव्हती, ती जपानी यंत्रे, जपानी अभियंते आणि जपानी ठेकेदार यांच्या मार्फत पोहोचत होती. ब्रह्मदेशातील बालूचौंग जलविद्युत प्रकल्प हे याचे ठळक उदाहरण होय. ऋण फेडता फेडता बाजारपेठ उभी राहिली, आणि ज्या देशांत जपानी सैनिकाला पाऊल ठेवण्याची सोय उरली नव्हती तेथे जपानी अभियंता सन्मानाने वावरू लागला. पुढील अर्धशतकाच्या जपानी मदतीची सगळी घडण या प्रारंभातच आहे.

भारताची गोष्ट निराळी होती. आपण सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला गेलो नाही. ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र शांततातह केला आणि भरपाईवरील हक्क सोडून दिला. टोकियोच्या युद्धगुन्हे-खटल्यातील न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचा भिन्नमताचा निवाडा जपानच्या स्मरणात होताच. या सद्भावाच्या पायावर १९५७ च्या मे महिन्यात पंतप्रधान किशी दिल्लीला आले आणि ऑक्टोबरमध्ये पंडित नेहरू जपानला गेले. किशी हे मांचुरियातील जपानी राजवटीचे एक कारभारी, तोजो मंत्रिमंडळातील मंत्री आणि युद्धानंतर संशयित म्हणून काही वर्षे कैदेत राहिलेले गृहस्थ. आपल्या देशाला शस्त्राविना पुन्हा आशियाचा अग्रणी कसे करता येईल, हा त्यांच्या मुत्सद्देगिरीचा ध्यास होता. १९५८ च्या फेब्रुवारीत भारताला १८ अब्ज येनचे कर्ज मंजूर झाले, आणि जपानने कोणत्याही देशाला दिलेले ते पहिलेच येन-कर्ज होय. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची परकीय चलनाची ओढाताण चालू होती, त्यामुळे आपल्याला पैसा हवा होता. जपानला आपली यंत्रसामग्री खपवावयाची होती आणि लोहखनिज हवे होते. शेजारच्या गोव्यात तर, तेथे पोर्तुगीज अंमल असतानाच, जपानी पोलाद कारखानदारांनी खाणींना यंत्रांसाठी भांडवल पुरविले होते आणि त्याची फेड खनिजाच्या रूपाने होत होती. गरज दोन्ही बाजूंची होती, म्हणूनच तो व्यवहार टिकला.

परंतु सातारा-सांगलीच्या रयतेपर्यंत जपान प्रथम पोहोचला तो कर्जखताच्या वाटेने नव्हे, भाताच्या खाचरातून. शिराळ्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीस कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करण्याची चाल, आणि पाटण-जावळीच्या डोंगरपट्टीत राब भाजून त्यावर रोपे तयार करण्याची. बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रातील गांधीवादी कार्यकर्त्यांनी या चालींहून निराळ्या जपानी पद्धतीचे प्रयोग करून दाखविले, १९५३ पासून त्याची देशभर मोहीम झाली, आणि ‘जपानी भातशेती’ हा शब्द गावोगावच्या ग्रामसेवकाच्या तोंडी बसला. बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावयाचे, राहिलेले जड बी गादीवाफ्यावर विरळ टाकावयाचे, रोपे दोरी धरून ओळीने नि अंतरावर लावावयाची, खत हात न आखडता घालावयाचे आणि ओळींमधून हातकोळपे फिरवून तण मोडावयाचे, एवढाच तो सगळा खटाटोप. त्यात डॉलर नव्हता आणि येनही नव्हता. पुढे साठच्या दशकात जपान सरकारने आपल्याकडे कृषि-प्रात्यक्षिक केंद्रे काढली आणि त्यांतील एक खोपोलीला होते. ओळीने लावण करण्याची रीत पुढे अनेक खाचरांत रुळली, आणि ती वापरणाऱ्या पुष्कळांना तिचे मूळ आज ठाऊकही नाही. परक्याची विद्या आपली होऊन जाणे, हीच मदतीची सर्वांत निर्मळ परिणती असते. पुढील कर्जांचा हिशेब मांडताना हा मापदंड हाताशी ठेवावयास हवा.

जपान श्रीमंत होत गेला तसतशी मदतीची व्याप्ती आणि तिची राजकीय धार दोन्ही वाढली. १९६५ मध्ये दक्षिण कोरियाशी संबंध पूर्ववत करताना ३० कोटी डॉलरचे अनुदान आणि २० कोटी डॉलरचे कर्ज देण्यात आले, आणि पूर्वीच्या वसाहतीच्या दाव्यांचा प्रश्न त्याबरोबरच मिटल्याचे लिहून घेण्यात आले. जानेवारी १९७४ मध्ये पंतप्रधान तानाका जकार्ताला गेले तेव्हा जपानी मालाविरुद्ध तेथे दंगे उसळले. त्यातून बोध घेऊन १९७७ मध्ये पंतप्रधान फुकुदा यांनी मनिला येथे जपान लष्करी सत्ता होणार नाही अशी ग्वाही देऊन आग्नेय आशियाशी अंतःकरणाचा स्नेह जोडण्याचे धोरण जाहीर केले. चीनला १९७९ पासून येन-कर्जे सुरू झाली. रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर पाकिस्तान, तुर्कस्तान आणि थायलंड यांची मदत वाढविण्यात आली. ही वाढ त्या देशांच्या दारिद्र्याकडे पाहून झाली नाही, त्यांच्या नकाशावरील स्थानाकडे पाहून झाली. १९८९ मध्ये जपानने अमेरिकेला मागे टाकून जगातील सर्वांत मोठा दाता हे स्थान मिळविले. आणि तरीही १९९१ च्या आखाती युद्धासाठी १३ अब्ज डॉलर मोजूनही, युद्ध संपल्यावर कुवेतने ज्या देशांचे जाहीर आभार मानले त्यांच्या यादीत जपानचे नाव नव्हते. केवळ द्रव्याने प्रतिष्ठा मिळत नाही, ही टोचणी जपानी राज्यकर्त्यांच्या मनात तेव्हा जी रुतली, तिच्यातूनच पुढचा सगळा पालट उगवला आहे.

या काळात भारताला जपानी मदतीचा दुसरा चेहराही दिसला. मे १९७४ मध्ये पोखरणचा अणुस्फोट झाला तेव्हा अर्थखाते सांभाळणारे, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात परराष्ट्रखात्याची सूत्रे हाती घेणारे यशवंतराव चव्हाण हे देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडात वाढलेले पुढारी होते; हिरोशिमाची जखम वागविणाऱ्या जपानच्या निषेधाला तोंड देणे हेही त्या मंत्रिमंडळाच्या वाट्याला आले. १९९१ च्या जुलैत परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून आपण निभावून नेले. १९९२ च्या मदत-सनदेत जपानने चार तत्त्वे लिहिली. मदत लष्करी कामासाठी वापरू न देणे आणि घेणाऱ्या देशाच्या सैन्यखर्चावर व संहारक अस्त्रांवर लक्ष ठेवणे, ही त्यांतील दोन. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर याच तत्त्वांवर बोट ठेवून नवी कर्जे थांबविण्यात आली आणि २००१ च्या ऑक्टोबरपर्यंत ती थांबलेली राहिली. मदत बंद करण्याचा अधिकार हेही एक अस्त्रच आहे, आणि शांततेच्या नावाने उगारलेले असले तरी ते धनकोच्याच हाती असते.

तरी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सरदार सरोवराच्या टर्बाइनांसाठी जपानने १९८५ मध्ये २.८५ अब्ज येनचे कर्ज मंजूर केले होते. त्या धरणाखाली अक्कलकुवा आणि अक्राणीची आदिवासी गावे बुडणार होती. नर्मदेच्या आंदोलकांनी टोकियोपर्यंत हा प्रश्न नेला, तेथील नागरिक व संसदसदस्य यांनी तो उचलून धरला, आणि १९९० मध्ये जपानने पुढील कर्ज देण्याचे थांबविले. जागतिक बँक त्यातून बाहेर पडली ती त्यानंतर तीन वर्षांनी. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली त्या साताऱ्याच्या माणसाला या घटनेचे मोल निराळे सांगावयास नको. कोयनेच्या पहिल्या टप्प्यालाही परकीय कर्ज, जागतिक बँकेचे, मिळाले होते. पण विस्थापिताची दाद धनकोच्या दारापर्यंत नेता येते, ही जाणीव त्या काळी कोणालाच नव्हती. उघड चर्चा हीच कर्जव्यवहारातील रयतेची एकमेव जामीनकी आहे, हे नर्मदेने सिद्ध केले.

२००० नंतर चित्र झपाट्याने पालटले. चीनचा उदय हे त्याचे कारण होय. चीनला द्यावयाची नवी येन-कर्जे २००७ च्या सुमारास थांबली, आणि भारत हा येन-कर्जांचा सर्वांत मोठा ऋणको ठरला तोही याच दशकात. दिल्लीची मेट्रो, पश्चिमेचा मालवाहू लोहमार्ग, मुंबईची ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो, १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू, पुण्याच्या मुळा-मुठेची शुद्धीकरण योजना, अजिंठा-वेरूळच्या परिसराची सुधारणा, या सर्वांत जपानी कर्ज आहे. पाटण-जावळीचा माथाडी आणि माणदेशचा नोकरदार मुंबईत जेथे उतरतो, त्या शहराची नवी हाडे पुष्कळ अंशी या कर्जावर उभी राहिली आहेत, आणि ती चांगली उभी राहिली आहेत, हे मान्य करावयास संकोच नको.

मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचे कर्जखत जवळून पाहिले तर जपानी मदतीचे गुण व मर्यादा दोन्ही एकत्र सापडतात. १४ सप्टेंबर २०१७ रोजी किशी यांचे दौहित्र पंतप्रधान शिंझो आबे यांच्या उपस्थितीत ५०८ किलोमीटरच्या या मार्गाची पायाभरणी झाली; त्या वेळच्या १ लाख ८ हजार कोटी रुपयांच्या अंदाजातील सुमारे ८१ टक्के रक्कम जपानने शेकडा ०.१ व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने आणि पहिली १५ वर्षे मुद्दल न मागता देऊ केली. इतके स्वस्त द्रव्य कोणताही सावकार देत नाही. परंतु कर्ज येनमध्ये आहे आणि अर्ध्या शतकात येन व रुपया यांचे नाते कसे राहील याचा जोखीमभार आपल्यावर आहे. शिवाय कर्जाबरोबर शिंकान्सेन ही जपानची स्वतःची पद्धती यावी, अशी ती योजना. व्याजात सोडलेले पुष्कळसे यंत्रांच्या खरेदीतून आणि पुढील दुरुस्तीच्या मक्त्यांतून परत फिरते. यात लबाडी नाही, पण दानही नाही. हा दीर्घ मुदतीचा व्यापार आहे. म्हणून खरा प्रश्न व्याजाच्या दराचा नसून विद्येचा आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीत १९८८ पासून जपानच्या एबारा कंपनीशी भागीदारीने पंप तयार होतात. पंपाची विद्या जर पलूस तालुक्यात रुजू शकते, तर रुळांची आणि डब्यांची विद्या भारतीय कारखान्यांत का रुजू नये, हे आपल्या सरकारने दर करारागणिक विचारले पाहिजे.

आता अखेरच्या आणि सर्वांत गंभीर वळणाकडे येऊ. २००६ मध्ये जपानने इंडोनेशियाला तीन गस्ती नौका अनुदान म्हणून दिल्या. चाचेगिरीविरुद्ध असे त्याचे समर्थन झाले. त्यानंतर फिलिपाईन्सच्या तटरक्षक दलाला दहा नौका कर्जावर मिळाल्या आणि व्हिएतनामसाठी सहा नौकांचे कर्ज झाले. दक्षिण चीन समुद्राचा नकाशा समोर ठेवल्यास या सर्व नौका एकाच ओळीत उभ्या दिसतात. २०१४ मध्ये शस्त्रनिर्यातीवरील जुने निर्बंध शिथिल झाले. २०१५ च्या नव्या सनदेत राष्ट्रहिताचा उच्चार स्पष्ट झाला, आणि परसैन्यालाही, काम लष्करी स्वरूपाचे नसेल तर, मदत देण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये संरक्षणखर्च एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांवर नेण्याचे आणि पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन खर्च करण्याचे ठरले. आणि एप्रिल २०२३ मध्ये विकासमदतीहून वेगळी अशी ‘अधिकृत सुरक्षा साहाय्य’ ही योजनाच निघाली, जिच्यातून मित्रदेशांच्या सैन्यांना उघडपणे सामग्री मिळते. पहिल्या वर्षी फिलिपाईन्स, मलेशिया, बांगलादेश आणि फिजी यांची निवड झाली, व फिलिपाईन्सच्या नौदलाला किनारी रडार देण्याचा करार झाला. पाऊणशे वर्षांपूर्वी जपानी मदत तलवारीच्या जागी आली होती. आज ती तलवारीच्या सोबतीने चालू लागली आहे.

भारतासंबंधी हीच चाल अधिक मृदू स्वरूपात दिसते. २००७ मध्ये आबे यांनी भारताच्या संसदेपुढे हिंदी आणि प्रशांत या दोन महासागरांचा एकत्र विचार मांडला. २०१७ नंतर मिझोरम-मेघालयाचे रस्ते आणि धुबरी-फुलबारीचा पूल जपानी कर्जाने होऊ लागले, २०२१ मध्ये अंदमानच्या वीजपुरवठ्यासाठी सुमारे ४ अब्ज येनचे अनुदान आले, आणि त्याच सुमारास दोन्ही देशांच्या सैन्यांनी परस्परांना रसद व सेवा पुरविण्याचा करार अमलात आला. सरहद्दीचा रस्ता बाजाराला जातो तसाच छावणीलाही जातो, हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये बेळगावात ‘धर्म गार्डियन’ हा संयुक्त सराव झाला. मराठा लाइट इन्फंट्रीची पंधरावी पलटण आणि जपानच्या भूदलाची तिसावी पायदळ तुकडी एकत्र उतरल्या. सांगशाकला ज्या रेजिमेंटने जपानी गोळ्या झेलल्या तिचीच ही पलटण. यात मला अभिमानाचा भाग दिसतो, कारण वैर धरून राहणे हे थोर राष्ट्राचे लक्षण नव्हे. परंतु अपशिंगे मिलिटरीसारखी गावे ज्या जिल्ह्यात आहेत आणि १९६१ मध्ये देशातील पहिली सैनिकी शाळा ज्या शहरात निघाली, तेथील माणसाला हेही विचारण्याचा हक्क आहे की, ही मैत्री उद्या आपल्या मुलांना कोणाच्या भांडणात उभी करील आणि ते ठरविणार कोण?

हे विचारताना जपानला इंग्रज कंपनीच्या रांगेत बसविणे अन्यायाचे होईल. त्याने आपल्या राजधानीत फौज ठेवलेली नाही, आपला पत्रव्यवहार अडविलेला नाही, आणि चीनच्या वाढत्या बळापुढे त्याची चिंता व आपली चिंता पुष्कळ अंशी एकच आहे. महत्त्वाकांक्षा असणे हाही गुन्हा नव्हे. प्रत्येक स्वाभिमानी राष्ट्राला ती असते, आणि स्वस्त व्याजाने आलेली महत्त्वाकांक्षा तोफेने आलेलीपेक्षा केव्हाही बरी. दोष उपजतो तो घेणाऱ्याच्या गाफीलपणातून. म्हणून माझे मत असे की, जपानचे कर्ज अवश्य घ्यावे, परंतु तीन पथ्ये पाळून घ्यावे. ज्या राज्यातील जमिनीवर कर्जाचे काम होणार त्या राज्याच्या विधिमंडळापुढे कर्जखताची सर्व कलमे लोकभाषेत यावीत, म्हणजे वेगवान रेल्वेच्या मार्गावरील पालघरच्या शेतकऱ्याला आपली जमीन कोणत्या करारापायी जाते हे वकिलावाचून वाचता येईल. प्रत्येक मोठ्या कर्जाबरोबर कोणती विद्या, किती मुदतीत आणि कोणत्या भारतीय संस्थेकडे येणार, हे कलम व्याजदराच्या बरोबरीने लिहिले जावे. आणि विकासाचे कर्ज व सैन्याचे सहकार्य यांची दप्तरे वेगळी ठेवून, दुसऱ्याचा निर्णय पहिल्याच्या हप्त्याकडे पाहून कधीही होऊ नये. जपानने स्वतःच्या दोन योजना वेगळ्या ठेवल्या आहेत, तेव्हा आपण तसा आग्रह धरण्यास त्याला राग येण्याचे कारण नाही. १९९८ ते २००१ या वर्षांत नवे येन-कर्ज बंद असतानाही हा देश चालला आणि आपल्या धोरणावर ठाम राहिला. कर्ज घेतानाही तेवढाच ताठ कणा ठेवणे हे दिल्लीच्या मुत्सद्द्यांचे काम आहे, आणि तो ठेवला जातो की नाही हे वेळोवेळी विचारीत राहणे हे आपले.